कलनगणित आणि संगणक : एका शिक्षकाचा अनुभव

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तिरला येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम आढेवेढे घेतले. पंचवीस वर्षांच्या कार्याचा आढावा चिटणीसांनी घेतलाच आहे, देणगीदारांची नावेही वाचून झाली आहेत. मी पडलो शाळामास्तर, नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवणारा. मजजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती न्यासाच्या पैशाशी निगडित आहे. २०२२ साली माझ्या शब्दावर विसंबून विश्वस्तांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीसाठी चार जुने संगणक घेऊन दिले आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षास गेलेल्या आपल्या मुलांसाठी संध्याकाळचा गणितवर्ग सुरू केला. त्या वर्गाचा पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला नाही. सहापैकी चार मुले गणितात नापास झाली. अहवालात ही गोष्ट एका ओळीत आली आहे. एकाच ओळीत आली हे चिटणीसांचे सौजन्य. परंतु ज्याने पैसे मागितले त्याने सभेपुढे हिशेब दिला पाहिजे, म्हणून मी उभा राहिलो आहे.

प्रथम माझी स्वतःची कबुली. मी बी.एस्सी., बी.एड. आहे. लोक मला गणिताचा जाणकार समजतात. पण पदवीच्या वेळी कलनगणिताचा पेपर मी कसा सोडवला ते माझे मला ठाऊक. बाजारात कुंजी मिळते. तीत नेहमी विचारले जाणारे पंचवीसेक प्रश्न असतात. ते मी पाठ केले. क्ष-वर्गाचे विकलन केले की दोन क्ष येतात हे मी झोपेतही सांगितले असते. ते का येतात आणि आले म्हणजे काय झाले, हे मला कोणी विचारले नाही व मीही कोणाला विचारले नाही. गुण चांगले पडले. वीस वर्षे त्या गुणांवर माझी अब्रू उभी होती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझी भाची पुण्याहून आमच्या घरी आली आणि येथेच अडकली. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होती. पुणे विद्यापीठाने २०१९ साली पहिल्या वर्षाचा जो नवा अभ्यासक्रम लावला, त्यात गणिताच्या प्रात्यक्षिकांत मॅक्सिमा नावाची एक संगणकप्रणाली आहे. गणितास प्रात्यक्षिक असते हीच मला नवलाची गोष्ट होती. आमच्या वेळी प्रात्यक्षिक म्हणजे रसायनाची परीक्षानळी किंवा मेलेला बेडूक. पुढे पाहिले तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नमुना अभ्यासक्रमातही कलनाच्या पहिल्याच पेपराला संगणकावरची प्रात्यक्षिके जोडलेली आढळली: फलांचे आलेख काढा, चौथ्या-पाचव्या घाताच्या बहुपदीचा आलेख काढून त्याच्या विकलजाच्या आलेखाशी ताडून पाहा, चाक फिरताना त्यावरील बिंदू जी वक्ररेषा काढतो ती रेखाटा, इत्यादी.

घरात दुसरे काही करण्यासारखे नव्हते. ती अभ्यासास बसली की मीही जवळ खुर्ची ओढून बसू लागलो. "मामू, तुम्हाला तर हे सगळे येतच असेल," ती म्हणाली. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी तिच्या लक्षात आले. पण मुलगी शहाणी, बोलली नाही.

ही प्रणाली काय करते ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधे गणकयंत्र आकड्यांची बेरीज-वजाबाकी करते. ही प्रणाली अक्षरांचे गणित करते. तिला क्ष-घन दिले आणि विकलन कर म्हटले की ती तीन क्ष-वर्ग असे लिहून देते. संकलन कर म्हटले की उलट दिशेने जाते. म्हणजे जे शिकण्यात आपल्या मुलांचे एक वर्ष आणि पुष्कळ वह्या खर्च होतात, ते ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करते. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावयास विसरलो तर मात्र ती गप्प बसून वाट पाहते. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटे यंत्र बिघडले असे समजून बसलो होतो.

तिचा इतिहासही लहानसा ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जेम्स स्लॅगल या विद्वानाने १९६१ साली संकलनाची उदाहरणे सोडवणारी पहिली प्रणाली तयार केली. स्लॅगल दृष्टिहीन होते. त्यांनी तिला ८६ उदाहरणे घातली, त्यांतील बरीचशी त्याच संस्थेच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षांतून घेतलेली. तिने ८४ सोडवली. पुढे जोएल मोझेस आदी मंडळींनी तेथेच १९६८ पासून मॅक्सिमा नावाची मोठी प्रणाली उभारली. तिचा उच्चार तोच, पण नावाच्या लेखनात फरक आहे म्हणून तिला मॅकसिमा म्हणू. तिची एक प्रत टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून जिवापाड सांभाळली, आणि १९९८ साली ती सर्वांस मोफत वाटण्याची परवानगी मिळवली. २००१ साली ते वारले. आज तीच मॅक्सिमा या नावाने जगभर फुकट मिळते. आपल्या न्यासाला तिच्यासाठी एक पैसाही द्यावा लागला नाही, हे मी खजिनदारांच्या समाधानासाठी मुद्दाम सांगतो.

यंत्र पाहून कोणाला वाटेल की हे परदेशी खूळ आहे. मला तसे वाटत नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे इसवी सन १२०७ चा एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापन केला, त्यासंबंधीचा तो लेख आहे. त्यात घराण्याची वंशावळ दिली असून त्यांचे एक पूर्वज भास्करभट्ट यांस भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचे म्हटले आहे. भोजराजा म्हणजे आपल्या धारचाच. त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या एका क्षणाची गती, कशी काढावी हे सांगितले आहे. क्षणाची गती हाच विकलनाचा गाभा. न्यूटन व लायब्निट्स यांनी त्याचे पूर्ण शास्त्र पाचशे वर्षांनंतर उभे केले. ते त्यांचे आहे आणि त्यांचेच राहावे. पण प्रश्न आपल्या अंगणातही पडला होता एवढे मुलांना माहीत असावे. मराठीत हा विषय प्रथम आला तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास शून्यलब्धि असे नाव दिले. हल्ली मराठी पुस्तकांत विकलन व संकलन, हिंदी पुस्तकांत अवकलन व समाकलन असे शब्द आहेत. आपली मुले घरी मराठी, बाजारात मालवी आणि शाळेत हिंदी बोलतात. पुस्तक बहुधा इंग्रजीत मिळते. मला स्वतःला जुना शब्दच आवडतो. शून्याला शून्याने भागताना काय लब्धी होते, हे कोडे त्या नावातच सांगून टाकले आहे.

आणि अक्षरगणिताचे म्हणाल तर ज्या विद्येस इंग्रजीत आल्जिब्रा म्हणतात तिचे नावच नवव्या शतकातील बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथावरून आले, आणि संगणकवाले ज्याला अल्गोरिदम म्हणतात तो शब्द त्यांच्या नावाचाच अपभ्रंश आहे. असो. पूर्वजांच्या नावाने मुलांचा पेपर सुटत नाही.

मूळ गोष्टीकडे येतो. टाळेबंदीत एका संध्याकाळी मी क्ष चा न-वा घात लिहून संकलन कर म्हटले. कुंजीतले उत्तर मला पाठ होते: घात एकाने वाढवा आणि त्याच आकड्याने भागा. यंत्राने उत्तर दिले नाही. त्याने उलट मलाच प्रश्न केला: न हा उणे एकाबरोबर आहे काय?

मी चमकलो. न जर उणे एक असेल तर घात एकाने वाढवून शून्य होतो, आणि शून्याने भागता येत नाही. तेथे नियम मोडतो आणि उत्तर म्हणून लघुगणक येतो. हा अपवाद कुंजीत कंसात दिलेला होता, मी तो पाठही केला होता, पण तो अपवाद आहे म्हणजे काय हे त्या संध्याकाळपर्यंत माझ्या मनाला शिवले नव्हते. वीस वर्षे मुलांना "गणितात प्रश्न विचारा" असे सांगणाऱ्या मास्तराला प्रश्न विचारला तो एका यंत्राने. मी "नाही" असे लिहिले तेव्हा पाठ असलेले उत्तर आले. पुन्हा तेच उदाहरण घालून "होय" लिहिले तेव्हा लघुगणक आला. भाची हसून म्हणाली, "मामू, तो तुमची तोंडी परीक्षा घेतोय."

दुसरा एक प्रसंग. परीक्षेतील गुणांची वाटणी दाखवणारी घंटेसारखी वक्ररेषा आपण पाहिली असेल. तिचे जे सूत्र, त्याचे संकलन घातले. यंत्राने एक विचित्र नाव लिहून दिले. भाची म्हणाली, हे उत्तर नव्हे, हे तर नुसते नाव दिले! शोधता समजले की लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकातच सिद्ध करून ठेवले आहे की, आपल्या ओळखीच्या फलांत या संकलनाचे उत्तर लिहिताच येत नाही. म्हणून यंत्र नवे नाव ठेवून मोकळे होते. उत्तर येत नाही आणि उत्तर नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा उमगले. माझ्या किती विद्यार्थ्यांना "तुला येत नाही" म्हणून मी खाली बसवले असेल!

त्या चार महिन्यांत मी पहिल्या वर्षाचे कलन वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी प्रथमच शिकलो. आणि नवशिक्याचा उत्साह मोठा घातक असतो. मला वाटले, जे मला मिळाले ते सर्वांस मिळेल, फक्त यंत्र समोर ठेवले की झाले. म्हणून विश्वस्तांकडे अर्ज केला.

पहिल्या वर्षी मी वर्ग कसा चालवला ते ऐका. मुलांना आज्ञा कशा द्यावयाच्या ते शिकवले. दोन आठवड्यांत ती माझ्याहून जलद झाली. कॉलेजात दिलेली पन्नास-पन्नास उदाहरणे तासाभरात सोडवून, उत्तरे उतरवून घेऊन, हसत घरी जाऊ लागली. मी खूष, पालक खूष. कोणी तर मोबाइलने वहीचे छायाचित्र घेऊन पायऱ्यांसह उत्तर देणारी फोटोमॅथसारखी युक्तीही शिकून आला. वार्षिक परीक्षेच्या खोलीत यंत्र नव्हते. पेपर हाती आला आणि मुलांच्या हाती पेन तसेच राहिले.

मी तेव्हा यंत्रास दोष दिला नाही, आजही देत नाही. मी कुंजी पाठ केली होती. त्यांनी तेवढेही केले नाही. कुंजी निदान डोक्यात तरी शिरली होती.

नापास झालेल्यांत एक मुलगा असा होता की त्याच्यासाठी मला झोप येईना. नाव सांगत नाही. वडील पत्र्याचे डबे, कोठ्या, पन्हळी करतात. घराण्यात कॉलेजात गेलेला हा पहिला. त्याची फी आपल्या न्यासाने भरली होती. निकाल लागल्यावर तो वडिलांच्या दुकानात बसू लागला आणि मला रस्त्यात पाहून तोंड चुकवू लागला. मी एक दिवस दुकानात गेलो. वडील म्हणाले, "मास्तरसाहेब, चहा घ्या, पण त्याला पुन्हा कॉलेजचे सांगू नका. एक वर्ष गेले ते गेले. हात चालतात त्याचे, पोट भरेल." हे रागाने म्हटले असते तर मला बरे वाटले असते. ते अगदी शांतपणे म्हणाले.

समोर एक चौकोनी पत्रा पडला होता, बारा इंचांचा. कलनाच्या प्रत्येक पुस्तकात एक उदाहरण असते: चौरस पत्र्याच्या चारी कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून कडा वर वळवल्या आणि उघडा डबा केला, तर जास्तीत जास्त माल मावण्यासाठी केवढा चौरस कापावा? त्या मुलाने हे उदाहरण आमच्या खोलीत यंत्रावर सोडवले होते. यंत्राने दोन उत्तरे दिली होती, दोन आणि सहा. त्याने परीक्षेत आठवून दोन्ही लिहिली आणि दोन्ही खरी म्हणून सोडून दिली. मी त्याला म्हटले, सहा इंच कापून दाखव. त्याने पत्र्यावर खडूने रेषा मारल्या आणि थांबला. बारा इंचांच्या पत्र्याच्या चारी कोपऱ्यांतून सहा-सहा इंच काढले तर डबा उरतच नाही, चार चौकोनी तुकडे होतात. तो हसला. निकाल लागल्यापासून प्रथम हसला असे त्याची आई आतून म्हणाली.

मग आम्ही हिशेब केला. एक इंच कापला तर डब्यात शंभर घन इंच मावतात. दोन कापला तर एकशे अठ्ठावीस. तीन कापला तर पुन्हा उतरून एकशे आठ. मध्ये कोठेतरी शिखर आहे, आणि शिखरावर चढही नसतो व उतारही नसतो. विकलज शून्य होतो म्हणजे एवढेच. वडील बाजूस बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पण मास्तरसाहेब, कोपरे कापतो कोण? आम्ही कोपरा कापत नाही, दुमडून आत घेतो. कापला तर पत्रा वाया जातो आणि डबा गळतो." पुस्तके लिहिणाऱ्यांपैकी कोणी पत्र्याच्या दुकानात बसला नसावा असे मला तेव्हा वाटले. मुलगा मात्र लगेच म्हणाला, "अब्बा, दुमडला तरी डब्याची उंची तीच राहते, माल तेवढाच मावतो." आणि ते बरोबर होते.

हेच उदाहरण कलनाशिवायही सुटते, हे मी त्याला दुसऱ्या दिवशी दाखवले. तळाच्या दोन बाजू आणि उंचीची चौपट, या तिघांची बेरीज नेहमी चोवीसच भरते. बेरीज ठरलेली असता गुणाकार सर्वांत मोठा केव्हा, तर तिन्ही सारखे असतील तेव्हा. म्हणजे प्रत्येकी आठ. उंचीची चौपट आठ, म्हणून उंची दोन. दिल्ली कॉलेजातील मास्टर रामचंद्र, जे तेथे उर्दूतून गणित शिकवीत, त्यांनी अशी महत्तम-लघुतमाची उदाहरणे बीजगणिताने सोडवण्यावर १८५० साली कलकत्त्यास एक ग्रंथ छापला. लंडनच्या डी मॉर्गन या गणितज्ञाने तो वाचून १८५९ साली तेथे पुन्हा छापवून घेतला. आपल्या देशी पाठशाळांतील मुलाला बीजगणित जवळचे वाटते, त्या वाटेने त्यास कलनाकडे न्यावे, असा त्या ग्रंथामागचा विचार होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांनी माझी चूक आधीच ओळखली होती असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या वर्षी वर्गाची रीत बदलली. बदल करताना मी थोडे वाचनही केले. अमेरिकेत कॅथलीन हाइड या अध्यापिकेने १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिने कलनाच्या वर्गात पहिले बारा आठवडे आकडेमोड व विकलनाची कामे संगणकाकडे सोपवली आणि मुलांशी फक्त अर्थासंबंधी बोलली. हाताने सोडवण्याचा सराव शेवटच्या तीन आठवड्यांत दिला. शेवटच्या परीक्षेत ती मुले नेहमीच्या वर्गाच्या जवळपास आली, आणि कल्पना समजण्यात पुढे गेली. वर्ग लहान होते, आणि तिकडची परीक्षा म्हणजे इकडची परीक्षा नव्हे. मी बारा आणि तीन हे प्रमाण घेतले नाही. आपल्याकडे तीन तासांत हाताने लिहावे लागते, म्हणून निम्मे-निम्मे केले. मात्र एक गोष्ट मी ठरवली. यंत्राकडे जाण्यापूर्वी मुलाने उत्तराचा अंदाज कागदावर लिहावयाचा: वाढेल की घटेल, धन की ऋण, किती उत्तरे येतील. मग यंत्र. मग अंदाज का चुकला ते एका वाक्यात, मराठीत किंवा हिंदीत. ज्याची वही कोरी त्याने संगणकाला हात लावावयाचा नाही.

या रीतीत एक दिवस मोठी मौज झाली. एका मुलीने तीस अंशांची ज्या काढावयास सांगितली. आपण सारे दहावीत शिकलो की ती अर्धी असते. तिने अंदाज लिहिला, अर्धा. यंत्राने आले उणे ०.९८८. ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊन, म्हणाली, "सर, यंत्र बिघडले, नाहीतर दहावीचे पुस्तक." दोन्ही शाबूत होते. यंत्र कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये घेते. तिने तीस अंश न देता तीस रेडियन दिले होते. आता कोणी म्हणेल, अंश घेतले तर यंत्राचे काय बिघडते? त्या प्रश्नावर आमचे दोन दिवस गेले, आणि माझ्या मते संपूर्ण वर्षातले ते सर्वांत चांगले दोन दिवस.

एक अंशाची ज्या घ्या: ०.०१७४५. कोन एक, ज्या मात्र एकाच्या पन्नासाव्या भागाहूनही लहान. आता कोन ०.०१ रेडियन घ्या: ज्या ०.००९९९९८, म्हणजे जवळजवळ कोनाइतकीच. कोन लहान होत जातो तसतसे रेडियनमध्ये ज्या आणि कोन एकमेकांस येऊन मिळतात, कारण रेडियन म्हणजे त्रिज्येच्या लांबीने मोजलेला कंसच, आणि लहानशा कंसात वाकडे व सरळ यांत फरक राहत नाही. म्हणून रेडियनमध्ये ज्येचे विकलन केले की नुसती कोज्या येते. अंशांत केले तर प्रत्येक वेळी ०.०१७४५ ने गुणण्याचे लोढणे गळ्यात पडते. हे समजल्यावर त्या मुलीने वहीत लिहिले होते ते मला आवडले, तिने लिहिले, "अंश माणसांनी ठरवले, रेडियन वर्तुळाने ठरवले." मी त्याखाली सही केली. मी स्वतः हे बी.एस्सी.त रेडियन वापरून वापरून कधी विचारले नव्हते.

यंत्राच्या चुका शोधण्याचाही मुलांना नाद लागला, आणि मी तो लागू दिला. एक भागिले क्ष याचे संकलन ते नुसते लघुगणक असे देते. पुढे अचल मिळवावयाचा असतो तो लिहीत नाही, आणि क्ष ऋण असेल तर काय याची फिकीर करीत नाही. परीक्षक या दोन्हींसाठी गुण कापतो. मुलांनी भिंतीवर कागद चिकटवून ठेवला आहे: यंत्र काय सांगावयास विसरते. त्यावर आजवर अकरा ओळी झाल्या आहेत, त्यांतील दोन चुकीच्या आहेत, पण त्या मी खोडलेल्या नाहीत. ज्याने लिहिल्या त्यानेच एक दिवस खोडाव्या.

निकालाविषयी विचाराल. दुसऱ्या वर्षी सात मुलांपैकी पाच उत्तीर्ण झाली. याला यश म्हणावे असे मी म्हणत नाही. सातांचा वर्ग म्हणजे काही पुरावा नव्हे, आणि त्यांपैकी दोघे यंत्र नसते तरी पास झाले असते. पत्र्याच्या दुकानातला मुलगा पुन्हा बसला आणि बेचाळीस गुणांनी पास झाला. कॉलेजात पुढच्या वर्षाची फी वडिलांनी स्वतः भरली, न्यासाकडे अर्ज केला नाही, मी विचारले तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याच्या मुलाला द्या." आणखी एक मुलगी होती, वर्गात सर्वांत तरतरीत, चाकाच्या बिंदूची वक्ररेषा यंत्रावर काढून त्या एका कमानीखालचे क्षेत्रफळ वर्तुळाच्या बरोबर तिप्पट येते हे तिने स्वतः ताडून पाहिले होते. तिचे लग्न ठरले आणि तिने कॉलेज सोडले. तिच्या घरच्यांस मी दोनदा भेटलो. यापेक्षा जास्त मी येथे बोलणे बरे नाही. तिचे वडील सभेस आलेले आहेत आणि ते माझे मित्र आहेत. खोलीतली तिची वही मी ठेवून दिली आहे. तिला हवी असेल तेव्हा तिने न्यावी.

आता शिल्लक राहिलेले सांगतो. चारांपैकी एक संगणक बंद पडला आहे, तो दुरुस्त होण्यापलीकडे गेला असे इंदूरच्या कारागिराने सांगितले. उन्हाळ्यात संध्याकाळी वीज जाते तेव्हा वर्ग थांबतो. एखादी बॅटरी मिळाली तर बरे होईल, पण ती नसली तरी चालेल, कारण वीज गेली की आम्ही अंदाज लिहिण्याचे काम करतो आणि खरे सांगावयाचे तर तेच काम जास्त होते. मुंबईच्या आय.आय.टी.मार्फत अशा मोफत प्रणालींचे पाठ देशी भाषांतून ऐकावयास मिळतात. त्यांतले काही मी उतरवून ठेवले आहेत. त्यासाठी दोन चांगले कर्णयंत्र, म्हणजे हेडफोन, हवे आहेत. ही मागणी लेखी दिली आहे.

यंदा वर्गात नऊ मुले आहेत. त्यांत तीन आजूबाजूच्या फळ्यांवरून पायी येतात, आणि दोन विज्ञानाची नसून वाणिज्याची आहेत, नफा केव्हा जास्तीत जास्त होतो ते त्यांना शिकावयाचे आहे. वर्ग मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता भरतो. खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी त्या पत्रेवाल्यांच्या मुलाकडे. मला शाळेतून उशीर झाला तर तो उघडतो आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तोच तपासतो. आज सभा संपल्यावर खोली उघडी ठेवणार आहोत. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी मागच्या दाराने यावे. पुढच्या दारापाशी मांडवाचे बांबू ठेवलेले आहेत.